नववीचे ९३ टक्के आणि संमतीपत्रावरची सही

पुणे, ११ ऑक्टोबर २०२१

सप्रेम नमस्कार.

हडपसरहून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी यंदा दहावीत आहे. गेल्या वर्षीची नववी, मधले काही आठवडे सोडले तर, तिने मोबाइलवरच केली आणि तिला ९३ टक्के मिळाले. कोरोनामुळे बंद असलेले शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरू लागले, मुलीला वर्गात पाठवण्यासाठी शाळेने संमतीपत्र पाठवले; पण घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असल्यामुळे आपण अजून त्यावर सही केलेली नाही. मुलीला पुढे विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे. अशात एका खाजगी कंपनीच्या प्रतिनिधीने घरी येऊन, शाळेत नाही गेली तरी काही अडणार नाही, असे सांगत दोन वर्षांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी गळ घातली आहे आणि त्याचे हप्ते सुरू करावेत का, असे आपण विचारता.

माझे मत आधीच सांगते. सासूबाईंच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर सही करा आणि हप्ते सुरू करू नका.

त्या ९३ टक्क्यांविषयी थोडे बोलायला हवे. ते गुण खोटे आहेत, असे मी म्हणत नाही. ते नेमके कशाचे आहेत, हे कळायला मार्ग नाही, एवढेच म्हणते. घरी बसून, शेजारी पुस्तक ठेवून, पर्यायांवर टिचकी मारून दिलेल्या चाचणीत समजले किती आणि सापडले किती, हे शिक्षकांनाही सांगता येत नाही. यंदाही परीक्षा रद्द झाली तर नववीचे गुण तारून नेतील, असा हिशेब अनेक पालक मांडतात आणि आपल्याही पत्रात त्याची चाहूल लागते. उन्हाळ्यात दहावीची परीक्षा रद्द होऊन नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे सूत्र लागले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला, हे खरे. पण त्यानंतर अकरावीसाठी जाहीर झालेली २१ ऑगस्टची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, ११ दिवस आधी उच्च न्यायालयात रद्द झाली, आणि तोवर मुलांनी सोसलेली टांगणी मी रोज पाहत होते. तेच सूत्र पुन्हा लागेल या भरवशावर वर्ष काढणे शहाणपणाचे नाही.

ऑगस्टमध्ये माझ्याकडे आलेल्या दहावीच्याच एका मुलीला मी पाच प्रश्न देऊन हाताने लिहायला बसवले होते. बहिर्वक्र भिंगासमोर 2F च्या, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावरच्या बिंदूच्या, पलीकडे वस्तू ठेवली तर प्रतिमा कुठे पडेल, हे तिने तोंडी अचूक सांगितले. कागदावर मात्र पट्टी न लावता किरण ओढले, बाण काढायचे राहिले आणि प्रतिमा थेट नाभीवर जाऊन बसली. २५ मिनिटांत दीड पान झाले, मग पेन ठेवून ती बोटे चोळू लागली. वर्षभर तिचे लिहिणे म्हणजे फळ्याचा स्क्रीनशॉट घेणे होते, हे तिनेच हसत सांगितले. मुलगी हुशार होती, याबद्दल मला शंका नाही. पण विज्ञानाच्या एका भागाला ४० गुण आणि दोन तास असतात, आणि तेवढ्या वेळात हाताला चालावेच लागते.

आपल्या मुलीच्या बाबतीत हाताचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. तिला जे क्षेत्र हवे आहे, त्याचे माहेरघर आपल्याच गावात आहे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तिकडे नेणारी वाट साधारण अशी : अकरावी-बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्रासह, मग सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी (फर्ग्युसन आणि आबासाहेब गरवारे महाविद्यालयांत हा विषय आहे) आणि त्यापुढे एमएस्सी. लवकर कामाला लागायचे असेल तर बारावी विज्ञाननंतर डीएमएलटी ही वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका करून वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता येते. गेल्या दीड वर्षात आपण सर्वांनी ज्यांच्या अहवालांची वाट पाहिली, त्यांत असे तंत्रज्ञ फार मोठ्या संख्येने होते.

कोणतीही वाट धरली तरी काम हाताचे आहे. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीत द्रव मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. तो मोजून ओढणाऱ्या पिपेट या हातातल्या उपकरणाच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना अंगठा पहिल्याच टप्प्यावर थांबवायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचा. ओढतानाच अंगठा पुढे गेला तर माप चुकते, आणि व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी अंगठ्याला ते कळत नाही. शाळेत असे पिपेट नसते, हे मला ठाऊक आहे. पण मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्याची पातळी खालच्या वक्राशी वाचणे, परीक्षानळीचे तोंड कुणाकडेही न वळवता ती तापवणे, निरीक्षण त्याच क्षणी वहीत उतरवणे, या सवयी शाळेतच लागतात. नववीतले आम्ल-आम्लारीचे प्रयोग तिने हाताने केले नसतील, तर प्रयोगशाळा खुली झाली आहे का, हे विज्ञानाच्या शिक्षकांना आत्ताच विचारावे आणि मागचे दोन-तीन प्रयोग तरी करून घेण्याची विनंती करावी. शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

कंपनीच्या अभ्यासक्रमात वाईट काही असेल, असे नाही. मात्र धडे समजावणारे व्हिडिओ तिला शाळेकडूनही मिळतात आणि पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मोफत आहेत. तिला ज्याची उणीव आहे, ते हा अभ्यासक्रम देणार नाही. शिवाय ज्याला हप्ता म्हणतात ते पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, म्हणून प्रतिनिधीच्या टॅबवर बोट टेकवण्यापूर्वी कागद वाचायला मागून घ्यावा. ऑनलाइनचा एक खरा उपयोग तिने जरूर करावा. यंदाही परीक्षेसाठी २५ टक्के अभ्यासक्रम वगळला आहे, पण अकरावीचे शिक्षक तो झालेलाच धरून चालतात. परीक्षा आटोपल्यावर ते भाग व्हिडिओवरून पाहता येतील.

सासूबाईंच्या प्रकृतीचा प्रश्न माझ्या अधिकारातला नाही. त्यांचे लशीचे दोन्ही डोस झाले आहेत, असे आपण लिहिता. तरी मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर हजेरी सक्तीची नाही. मग निदान प्रयोगाच्या दिवशी तरी तिला जाता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. शाळेत एका बाकावर एकच मूल आणि मास्क ही व्यवस्था आहेच. घरी परतल्यावर अंघोळ, कपडे बदलणे आणि काही दिवस आजीपासून दूर बसून जेवणे, एवढे घरात पाळता येईल.

ती शाळेत गेली की सकाळचा मोबाइल तिसरीतल्या धाकट्याला मिळेल, हाही फायदा लहान नाही. त्याचे वर्ग अजून बंद आहेत. त्याच्याकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या.

शाखेचा निर्णय आत्ता करू नका. दिवाळीच्या सुटीपर्यंत तिने दर रविवारी घड्याळ लावून विज्ञान किंवा गणिताची एक प्रश्नपत्रिका हाताने सोडवावी आणि तुम्ही ती न तपासता ठेवून द्यावी. सुटीत ते कागद आणि तिची प्रयोगवही घेऊन दोघी या. गुणपत्रक आणले नाही तरी चालेल.

आपली,
करिअर मार्गदर्शक