वाचकांचे प्रश्न: रात्री एसटीपीचा ब्लोअर बंद ठेवावा का?

प्रश्न: आमच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणारा प्लांट आहे. वीजबिल कमी व्हावं म्हणून कमिटीने मार्चपासून रात्री 11 ते सकाळी 6 ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवायला सुरुवात केली. हल्ली सकाळी फ्लशच्या पाण्याला कुजका वास येतो. ऑपरेटर म्हणतो, हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) वाढवतो. पाणी ग्लासात घेतलं तर स्वच्छ दिसतं, म्हणून तेच मुलांच्या खेळायच्या हिरवळीवर फवारतात. हे योग्य आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व)

उत्तर: ताई, हिरवळीवरची फवारणी आजच थांबवायला सांगा आणि ब्लोअर आज रात्रीपासून चालू ठेवायला लावा. कमिटीला पटवायला कारणं लागतील, ती सांगते.

तुमच्या टाकीत साफसफाई जिवाणू करतात. मैला, साबण, खरकटं खाऊन ते वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला काही गाळ परत मागे आणून नव्या सांडपाण्याला लावायचा, विरजणासारखा. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, आणि आजही बहुतेक प्लांट तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

या जिवाणूंना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम. ब्लोअर थांबला की तो थोड्याच वेळात संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तुमचा सकाळचा वास बहुधा त्याचाच. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर फार नाजूक. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो आणि एकदा खचले की पुन्हा वाढायला बराच वेळ घेतात. त्यात सकाळी सगळ्या घरांतल्या अंघोळी, भांडी, कपडे एकदमच. सात तास गुदमरलेल्या टाकीवर दिवसातला सर्वांत मोठा लोड तेव्हाच येऊन पडतो.

हायपो वाढवून हे सुटणार नाही. क्लोरीन आधी उरलेल्या अमोनियावर आणि घाणीवर खर्च होतो, जंतू मारायला फारसा शिल्लक राहत नाही. ग्लासात पाणी नितळ दिसतं ते वाळूच्या फिल्टरमुळे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा 100 मिलिलिटरला 1000 पेक्षा कमी अशी आहे; तुमच्या प्लांटच्या मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असतील, त्या वाचा. जिथे मुलं लोळतात तिथे फवारा मारूच नये. झाडांना ठिबकने द्या.

एक चाचणी तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. हवा चालू असताना एरेशन टाकीतलं (जिच्यात ब्लोअर हवा सोडतो) पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरा आणि अर्धा तास हलवू नका. प्लांट ठीक असेल तर चॉकलेटी गाळ सावकाश खाली बसतो, वरचं पाणी निवळतं आणि वास ओल्या मातीसारखा येतो. गाळ काळा असेल, सडक्या अंड्यासारखा वास असेल तर टाकी गुदमरली आहे. गाळ खाली बसायलाच तयार नसेल तर ऑपरेटरला विचारा, जास्तीचा गाळ शेवटचा कधी काढला? माझा अनुभव असा की बहुतेक सोसायट्यांत दुखणं तिथेच निघतं. (प्लांट प्लॅस्टिकच्या चकत्यांचा, म्हणजे एमबीबीआर असेल तर ही चाचणी तितकीशी लागू पडत नाही.)

वीज वाचवायचीच आहे ना? ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा, रात्री वेग कमी करा आणि ऑक्सिजन मीटर बघून वेळ ठरवा. थोडा वेळ थांबवणं टाकी सोसते, सात तास नाही. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूजर तुंबले असतील तर तेही बदला. तुंबलेल्या डिफ्यूजरवर वीज जाते आणि हवा मिळत नाही. मात्र साफसफाईसाठी कुणालाही टाकीत उतरवू नका. हाच हायड्रोजन सल्फाइड वायू माणसाला क्षणात बेशुद्ध पाडतो, आणि मुंबईत असे जीव गेले आहेत.

कमिटीला खर्च जड वाटत असेल तर हेही सांगा. आपल्या नळाला तानसा आणि भातसाचं पाणी येतं ते शहापूर तालुक्यातून, आणि तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. ते पाणी फ्लशला ओतायचं नसेल तर हा प्लांट नीट चालवावाच लागेल.

ब्लोअर सलग चालू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून बीओडी (पाण्यात जिवाणूंना खाण्याजोगी घाण किती उरली याचं माप), अमोनिया-नायट्रोजन आणि कोलिफॉर्म तपासून घ्या. नमुने दोन ठिकाणचे हवेत, एक फिल्टरनंतरचा आणि एक गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीतला. पहिला चांगला आणि दुसरा वाईट आला तर आधी गच्चीवरची टाकी धुवून घ्या.