जुनं चालवणारा की जुनं चालवून घेणारा?

प्रश्न असा आला आहे: सर्व्हरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर चालू आहे. त्यात प्रोसेसर ३२ बिटी सॉफ्टवेअरशी 'बॅकवर्ड कम्पॅटिबल', म्हणजे मागल्या पिढीचं सॉफ्टवेअरही चालवणारा, असल्याचं म्हटलंय. 'मागास-सुसंगत' लिहिलं तर कसंतरीच वाटतं. दुसरा शब्द आहे का?

कसंतरी वाटणारच. 'मागे एकदा', 'मागल्या पिढीत' असं आपण बोलतोच, त्यामुळे कल्पना परकी नाही. पण 'मागास' हा शब्द सामाजिक अर्थाने इतका पक्का झालाय, की प्रोसेसरला लावला तर प्रोसेसरच मागासलेला वाटतो. 'पूर्वलक्षी' सुचवणारेही असतात. तो कायद्याचा शब्द. 'पूर्वलक्षी प्रभावाने' म्हणजे आजचा नियम कालच्या व्यवहारांना लावायचा. इथे नेमकं उलटं आहे, कालचे नियम आजच्या चिपने पाळायचे आहेत. तेव्हा तो बाद. 'पूर्वसुसंगत' अर्थाला बरोबर आहे, पण तोंडात बसत नाही.

मला वाटतं, उत्तर 'चालणे' या साध्या क्रियापदात आहे. दुकानात आपण 'याला जुना चार्जर चालेल का?' असंच विचारतो. शिवाय मराठीत 'चालवणे' वेगळं आणि 'चालवून घेणे' वेगळं. भाकरी नसली तर आपण पोळी चालवून घेतो, थोडं नाक मुरडून.

हा फरक सर्व्हरच्या इतिहासात अगदी चपखल बसतो. इंटेलने २००१ साली इटेनियम हा प्रोसेसर आणला. तो ६४ बिटी होता, पण १९७८च्या ८०८६ या चिपपासून चालत आलेला सूचनासंच (चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी) बाजूला ठेवून नवाच मांडलेला. जुन्या प्रोग्रॅमसाठी चिपमध्ये सोय होती खरी, पण ते तिच्यावर रखडत. म्हणजे इटेनियम जुनं चालवून घेत होता. एप्रिल २००३मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. त्याने जुनाच सूचनासंच ऐसपैस केला: सर्वसाधारण रजिस्टरं (चिपमधले आकडे धरायचे कप्पे) ३२ बिटांवरून ६४ बिटांची झाली, आणि संख्येने आठाची सोळा झाली. ६४ बिटी कार्यप्रणालीवर ३२ बिटी प्रोग्रॅम नव्यांच्या मांडीला मांडी लावून, पुन्हा कम्पाइल न करता, म्हणजे नव्या चिपसाठी नव्याने न घडवता, पळू लागले. हा जुनं चालवत होता. पुढच्याच वर्षी इंटेलने आपल्या झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये तीच वाट धरली.

६४ बिटांची घाई का होती? ३२ बिटांत मेमरीतले पत्ते लिहिले तर एका प्रोग्रॅमला ४ जीबीपलीकडची मेमरी थेट दिसत नाही. मोठ्या डेटाबेसना ते पुरेना, आणि जुनी सॉफ्टवेअरं फेकून देणंही कुणाला परवडेना.

पण 'जुनं' म्हणजे किती जुनं, हेही माहितीपत्रकात यायला हवं. त्याच ऑप्टेरॉनवर ६४ बिटी कार्यप्रणाली असेल, तर डॉसच्या जमान्यातले १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. याउलट आयबीएमच्या मेनफ्रेमचं (बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या संगणकांचं) २०००मध्ये आलेलं झेड-आर्किटेक्चर २४, ३१ आणि ६४ बिटी असे तिन्ही पत्ते सांभाळतं. त्यातले २४ बिटी थेट १९६४च्या सिस्टीम/३६०ची आठवण. (त्यातला ३१ हा छापखान्याचा प्रताप नव्हे. मुद्रितं तपासताना त्याचा ३२ करू नका.)

याच पत्रकात पुढे 'लेगसी' भेटेलच. त्याला 'वारसा' लिहू नका, लेणी आणि किल्ले डोळ्यांपुढे येतात. 'वडिलोपार्जित' अधिक जवळचा आहे, कारण त्यात घराबरोबर कर्जही येतं. पण छापायला नुसतं 'जुनं' पुरे.

तुमच्या वाक्यापुरतं मी असं लिहीन: 'या प्रोसेसरवर ३२ बिटी सॉफ्टवेअर आहे तसं चालतं.' सगळा भार 'आहे तसं'वर आहे, तेवढं गाळू नका. कोष्टकाच्या मथळ्याला विशेषणच हवं असेल, तर तिथे 'पूर्वसुसंगत' चालवून घेऊ.