बोकडाचे मटण काळपट का निघाले?

प्रश्न : 25 बोकड एकाच पिकअपमध्ये भरून रात्रभराच्या प्रवासाने मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात नेले. निघताना पोटभर मका घातला होता. तरी वजन घटले, दोन बोकड लंगडू लागले. खाटीक म्हणाला, मटण काळपट, चिकट निघाले. आजार असेल का?

उत्तर : आजारापेक्षा हा प्रवासाच्या ताणाचा परिणाम वाटतो. गर्दी, झुंजी आणि धसक्यात स्नायूंमधली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जनावर जिवंत असतानाच खर्ची पडते. कापल्यावर याच साखरेचे लॅक्टिक आम्ल होऊन मटणाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आम्ल वाढले की तो उतरतो) सातच्या आसपासून साडेपाच ते पावणेसहापर्यंत उतरायला हवा. साखरच उरली नाही तर तो सहाच्या वर राहतो. मग मटण काळपट व कोरडे दिसते आणि लवकर नासते.

25 ते 30 किलोच्या बोकडाला उभे राहायला साधारण अडीच चौरस फूट जागा लागते. आठ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात 17 बोकड बसतात, तुम्ही 25 कोंबले. खाली पडलेल्याला मग उठताच येत नाही. तळाला किमान 5 सेंटिमीटर जाड पेंढा घाला. अनोळखी कळपातले बोकड एकत्र भरू नका, ते वाटभर टकरा घेतात. पाय किंवा केस धरून उचलू नका. उताराची फळी लावा. लंगडणारे जनावर गाडीत चढवूच नका. वाटेत लंगडले तर पोहोचताच पशुवैद्यकांना दाखवा, वेदनेत ताटकळत ठेवू नका.

सवय नसताना भरपूर मका घातला की पोटात आम्ल वाढते, पोट फुगते. शेवटचे तीन दिवस खुराक बदलू नका. निघण्यापूर्वी थोडी कडबा कुट्टी आणि हवे तितके पाणी पुरे.

2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार पशुवैद्यकांच्या तपासणीनंतर 24 तास विसावा द्यायचा असतो. तो टाळू नका. शेवटचे 12 तास चारा बंद, पाणी मात्र सतत समोर. गाभण शेळी किंवा तीन महिन्यांखालचे करडू कापता येत नाही. दुसऱ्या जनावरादेखत कापण्यासही मनाई आहे, हे खाटकाला ठामपणे सांगा.

सुरी मानेच्या रुंदीच्या निदान दुप्पट लांब आणि पात्याला खाच न पडलेली असावी. बोथट सुरीने घासत राहणे ही निव्वळ यातना आहे. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच वारात कापल्या गेल्या पाहिजेत. नंतर बुबुळाला हलके बोट लावा. पापणी लवत असेल किंवा लयीत श्वास चालू असेल, तर सोलायला हात लावायचा नाही.