कागदपत्रांची खिडकी : ५८ एमबीचं स्टेटमेंट

प्रश्न : ताई, आमची मुलगी कॅलगरीला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी आणि सौ. जाणार आहोत. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरतोय. तिथे ४ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाहीत. आमच्या इथल्या दुकानदाराने बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, एफडीच्या पावत्या, सात-बारा सगळं एकत्र स्कॅन केलं, तर ५८ एमबी झालं. मग कुठल्याशा फुकटच्या वेबसाइटवर टाकून त्याने ते ३.८ वर आणलं. मुलगी म्हणते, "बाबा, यातला एक आकडा धड वाचता येत नाही." काय करावं?
– निवृत्त प्राथमिक शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, आधी मला सांगा, बँकेचं स्टेटमेंट स्कॅनरवर गेलंच कसं? बँकेने पीडीएफ ईमेलवर पाठवली असणार, कुणीतरी ती छापली, आणि छापलेले कागद पुन्हा स्कॅन केले. साताऱ्यात कोर्टाच्या रस्त्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे; तिथे हा द्राविडी प्राणायाम केलेली माणसं सारखी येतात. येताना छापील गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि मूळ पीडीएफ फोनमध्ये तशीच पडलेली असते.

बँकेच्या पीडीएफमध्ये अक्षरं अक्षर म्हणूनच साठवलेली असतात. चाळीस पानं असली तरी ती सहसा काहीशे केबीत मावते आणि कितीही मोठी करून पाहिली तरी फुटत नाही. तीच छापून स्कॅन केली की प्रत्येक पान म्हणजे एक फोटो. ए-४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केला तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके, एकेका पानाचे. मग फाइल फुगते, फुगली म्हणून आवळायची, आवळली म्हणून वाचता येत नाही. तुमच्या दुकानदाराने आकार कमी करताना चूक केली असं मी म्हणणार नाही. चूक त्याच्या कितीतरी आधी, प्रिंटरपाशी झाली.

तेव्हा ती ३.८ एमबीची फाइल काढून टाका. तिच्यात सुधारणा करत बसू नका, दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. मुळापासून सुरुवात करा. जे जे डिजिटल मिळतं ते तसंच घ्या: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणाची पोचपावती, पेन्शन स्लिप. सात-बारासुद्धा डिजिटल सहीचा, महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो; तलाठ्याकडच्या प्रतीचा फोटो काढायची गरज नाही.

या फाइलींना बहुतेक वेळा पासवर्ड असतो. पोचपावतीचा म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. बँकेचा त्यांच्या ईमेलमध्ये लिहिलेला असतो. पासवर्डसकट फाइल चढवली तर तिकडचा अधिकारी ती उघडणार कशी? क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडा, प्रिंट म्हणा आणि प्रिंटरच्या जागी "सेव्ह ॲज पीडीएफ" निवडा. नवी फाइल बिनकुलपाची होते. डिजिटल सही तपासायची सोय मात्र यात जाते, फाइली जोडतानाही जाते. म्हणून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

आता उरले खरेखुरे कागद. एफडीच्या पावत्या, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पासपोर्टची पानं. दुकानदाराला "३०० नको, २०० डीपीआय ठेव" असं स्पष्ट सांगा. एवढ्यानेच ठिपके निम्म्याहून कमी होतात. १५० ला ते एक चतुर्थांश होतात, आणि साध्या टाइप केलेल्या इंग्रजी कागदाला तेही पुरतं. शिक्के, हस्ताक्षर आणि मराठी मजकूर यांना मी २०० च्या खाली जाऊ देत नाही. देवनागरीत आधी अनुस्वार जातात, मग वेलांट्यांची टोकं. पासपोर्ट रंगीत, बाकी करड्या छटांत चालेल. निव्वळ काळा-पांढरा पर्याय टाळा, त्यात निळा शिक्का डाग होऊन बसतो.

तुमच्या मुलीला आकडे वाचता आले नाहीत, हे एका अर्थी बरं झालं. चुकीचे वाचता आले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. २०१३ साली जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाला झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच दिसलं, १४.१३ चौरस मीटर. मूळ कागदावर एकीचं २१.११ आणि दुसरीचं १७.४२ होतं. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे तेच चिकटवत होतं. पुढे त्याने दाखवून दिलं की ६ चा ८ सुद्धा होतो. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली, पण तेव्हापासून मी आवळलेल्या प्रत्येक फाइलीतली शिल्लक रक्कम मूळ कागदाशी ताडून बघते. तुम्हीही बघा. गुरुजींना तपासणी काय नवी!

फुकटच्या वेबसाइटबद्दल माझं मत कडक आहे. तुमचा खाते क्रमांक, पॅन, सही हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन आलं आहे. ही कामं आपल्या संगणकावरच होतात. विंडोजवर नॅप्स-२ हे मोफत सॉफ्टवेअर स्कॅनही करतं, पीडीएफ जोडतंही, आणि त्यात चित्रांचा दर्जा आपल्याला ठरवता येतो. मॅकवर प्रिव्ह्यू असतंच. फोनवरची काही मोफत स्कॅनर ॲप्स प्रत्येक पानावर आपलं नाव छापतात, तीही नकोत.

कॅनडाच्या अर्जात एका शीर्षकाखाली एकच फाइल बसते, म्हणून पैशांचे सगळे पुरावे एकाच पीडीएफमध्ये जोडावे लागतात. पहिल्या पानावर यादी द्या, मग स्टेटमेंट, पेन्शन, एफडी, शेवटी जमीन. तरीही ४ एमबीत मावलं नाही तर उरलेलं "क्लायंट इन्फर्मेशन" या जागी, खुलाशाच्या पत्रासोबत जोडता येतं. पण खरं सांगू, मुळातून डिजिटल घेतलं तर इतकी वेळ येत नाही.

जाता जाता, सात-बारा मराठीत आहे, त्यामुळे इंग्रजी भाषांतर लागेल, सोबत मूळ प्रत आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. मुलीने किंवा भाच्याने केलेलं भाषांतर चालत नाही, मग ते इंग्रजीचे प्राध्यापक का असेनात. अर्जदाराने आणि नातेवाइकांनी करायचं नाही, असा तिथला नियमच आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात फोटो चढतच नाही. स्टुडिओवाल्याने पेनड्राइव्हवर पासपोर्ट साइजचा चांगला दीड एमबीचा दिला आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : चांगला आहे म्हणूनच चढत नाही! मर्यादा २४० केबीची आहे. शिवाय फोटो चौकोनी हवा, दोन्ही बाजू सारख्या, ६०० ते १२०० पिक्सेलच्या मध्ये. आपला पासपोर्ट साइज उभट असतो, तो दाबून चौकोनी केला तर चेहरा पोळपाटासारखा रुंद होईल. स्टुडिओत परत जा आणि मूळ फोटोतून ६०० बाय ६०० चा जेपीईजी कापून मागा, तो २४० केबीत सहज बसतो. हनुवटीपासून डोक्यापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के असावा, मागे पांढरं. चष्मा काढा, नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाही. आणि स्टुडिओवाल्याला बजावा, "दादा, गोरा करू नकोस." चेहऱ्यावर हात फिरवलेला फोटो ते नाकारतात.

प्रश्न : आयफोनवर पासपोर्टचा फोटो काढला. पोर्टल घेत नाही म्हणून फाइलीच्या नावापुढे जेपीजी लिहिलं, तरी तेच.
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाव बदलल्याने आतली फाइल बदलत नाही. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो, आणि बऱ्याच पोर्टलना तो समजत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा आणि फोटो नव्याने काढा. पासपोर्टसाठी त्याहून बरं म्हणजे नोट्स ॲपमधलं स्कॅन; कडा सरळ होतात आणि थेट पीडीएफ मिळते. ती संगणकावर व्हॉट्सॲपने पाठवणार असाल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.