मोरेव्हियन चर्चच्या (हा एक जुना प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) दफनभूमीत कबरींवरचे सगळे दगड एकाच मापाचे का असतात? नवरा-बायकोंना शेजारी का पुरत नाहीत? आणि तिथल्या दगडाची स्वच्छता कशी करायची?

प्रश्न अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलमच्या (नॉर्थ कॅरोलायना) 'गॉड्स एकर' या दफनभूमीबद्दल आहे, म्हणून तिथलंच सांगतो. थोडक्यात उत्तर असं, की तिथे कबर कुटुंबाच्या मालकीची नसते, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मालकीची असते. बाकीचे सगळे नियम यातूनच निघालेत.

पद्धत जर्मनीतून आली. मोरेव्हियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) छळाला कंटाळून निघालेल्या प्रोटेस्टंटांनी १७२२ मध्ये सॅक्सनीत, काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर हेर्नहुट हे गाव वसवलं. तिथल्या टेकडीवरची दफनभूमी १७३० ची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आणि दगड आडवे. (काउंटच्या घराण्याच्या कबरी मात्र मधोमध आणि चांगल्या ऐसपैस आहेत. समानतेलाही जमीनदार सुटत नाही!) याच पंथाचे काही लोक पुढे अमेरिकेत गेले. सेलम गाव (आजच्या विन्स्टन-सेलमचा जुना भाग) १७६६ मध्ये सुरू झालं, तिथलं पहिलं दफन १७७१ चं. आज सात हजारांहून जास्त कबरी आहेत.

या लोकांची रोजची उपासना, राहणं, शिक्षण सगळं गटागटाने चाले. विवाहित पुरुष व विधुर, विवाहित स्त्रिया व विधवा, अविवाहित पुरुष व मुलगे, अविवाहित स्त्रिया व मुली, असे हे गट. जिवंतपणी ज्यांच्यासोबत बसलात, मेल्यावर त्यांच्याच चौकात (दफनभूमीतल्या त्या गटाच्या चौकोनी भागात) जागा. गटात क्रम मृत्यूच्या तारखेचा. पुढची रिकामी जागा पुढच्या माणसाला, मग तो कारखानदार असो की चांभार. जागा आधीपासून राखून ठेवता येत नाही. पूर्वी कोणी गेलं की पितळी वाद्यांचा ताफा तीन भजनांच्या चाली वाजवायचा. पहिली आणि तिसरी एकच, मधली मात्र त्या गटाची ठरलेली. नाव कळायच्या आधीच गावाला कळायचं, की गेलेली व्यक्ती विवाहित बाई आहे की तरुण मुलगा.

म्हणून नवरा-बायको वेगळ्या चौकात. नवऱ्याच्या शेजारीच हवं असा हट्ट असेल, तर कुंपणापलीकडे १८५७ चं सेलम सेमेटरी आहे. तिथे कुटुंबाचा प्लॉट, उंच स्मारक, सगळं चालतं. माझ्या मते हे शेजारचं कबरस्तान असल्यामुळेच आतला नियम टिकला. 'आमच्यापुरता अपवाद करा' म्हणणाऱ्याला दाखवायला दुसरी जागा होती.

अर्थात हा नियम सगळ्यांसाठी कायम टिकला नाही. १८१६ पर्यंत गुलामगिरीतले कृष्णवर्णीय सभासदही याच चौकांमध्ये, याच क्रमाने पुरले जात. त्या वर्षी चर्चने त्यांच्यासाठी वेगळी दफनभूमी केली. 'मरणात सगळे सारखे' हे वाक्य ऐकलं की ही तारीख आठवावी.

आता दगड. मरणात सगळे सारखे, म्हणून मापही सगळ्यांना एकच: पांढरा संगमरवर, २० बाय २४ इंच, जाडी ४ इंच. हिशेब केला तर साधारण ८५ किलो. हाताने उचलायच्या भानगडीत पडू नका. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरची माणसं दगड धुऊन फुलं ठेवतात आणि पहाटे तिथेच उपासना होते (सेलममध्ये १७७२ पासून). दगडांची सगळ्यात जास्त नासाडी या प्रेमानेच होते.

धुताना आधी दगड साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. कोरड्या संगमरवरावर काहीही ओतलं की ते आत शोषलं जातं. मग नायलॉनचा मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. शेवाळ चिवट असेल तर दगडासाठी मिळणारं, आम्ल आणि ब्लीच नसलेलं क्लीनर लावा आणि थांबा. काळे डाग कधी कधी काही आठवड्यांनी आपोआप उतरतात. व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड अजिबात नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो आणि सगळ्यात आधी अक्षरांच्या कडा जातात. ब्लीचने दगड त्या दिवशी लख्ख दिसतो, पण क्षार आत राहतात, स्फटिक होऊन फुगतात आणि काही वर्षांनी पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरतो. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर यांचाही परिणाम तोच, फक्त लवकर. कडांचे टवके बहुतेक गवत कापायच्या मशिनमुळे उडतात, म्हणून दगडालगतचं गवत हाताने कापलेलं बरं.

आडव्या दगडाचं दुसरं दुखणं म्हणजे खचणं. शवपेटी कुजली की वरची माती बसते, दगड एका बाजूला कलतो, अक्षरांमध्ये पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. उपाय म्हणजे दगड पहारीने, मध्ये लाकूड घालून उचलणं, खाली खडी आणि भरड वाळू धुमसणं आणि किंचित उतार ठेवून परत बसवणं. खाली सिमेंट ओतू नये; ओल अडकते, क्षार दगडात चढतात आणि पुढच्या वेळी दगड न फोडता निघत नाही. ताज्या कबरीची माती नीट बसू द्यावी, मगच दगड ठेवावा. आणि हे काम दफनभूमी सांभाळणाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नका. तुमच्या आजोबांचा असला तरी चौक मंडळीचा आहे.

कोणाची कबर शोधत असाल तर आडनाव घेऊन फिरून उपयोग नाही, एका घरातली माणसं चार चौकांत विखुरलेली असतात. मृत्यूची तारीख, आणि त्या वेळी ती व्यक्ती विवाहित होती की नाही, एवढं घेऊन जा. आधी चौक ठरतो, मग तारखेने ओळ. जुन्या सभासदांनी स्वतः लिहिलेली किंवा घरच्यांनी पूर्ण केलेली जीवनकथा दफनाच्या वेळी वाचली जायची. अशा पुष्कळ कथा विन्स्टन-सेलमच्याच मोरेव्हियन अर्काइव्ह्जमध्ये आहेत, तुमच्या माणसाची आहे का, ते एकदा नक्की विचारा. दगडावरची अक्षरं झिजली असतील तर खडू किंवा शेव्हिंग क्रीम घासू नका. सकाळी लवकर जा, नाहीतर आरशाने बाजूने तिरका उजेड टाका आणि फोटो काढा. डोळ्यांना न दिसणारी तारीख बहुतेक वेळा फोटोत वाचता येते.