दूरशिक्षणातून हवामान बदलाची एम. एस्सी.: आखणी कुठून सुरू करावी?

नोकरदारांसाठी हवामान बदलावर दूरशिक्षणाने एम. एस्सी. सुरू करायची आहे, अभ्यासक्रम कसा आखू, असं तुम्ही विचारलंय. अशाच एका अभ्यासक्रमाची पुस्तकं मी लिहिली आहेत. माझं म्हणणं, विषयांची यादी नंतर करा, आधी विद्यार्थ्याचे तास मोजा.

दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एम. एस्सी.च्या ८० श्रेयांकांचे २,४०० तास झाले. दोन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला २३! आम्ही हा हिशेब केलाच नाही, जाडजूड पुस्तकं पाठवून मोकळे झालो. एक कृषी सहायक ताई फोनवर म्हणाल्या, "सर, रात्री दहाला पुस्तक उघडते, दुसऱ्या पानावर डोळे मिटतात." पुढच्या सत्राला त्यांनी नाव घातलंच नाही. मला ते अजून लागून राहिलंय. म्हणून एक घटक एका संध्याकाळी संपेल एवढाच ठेवा, आणि त्यात हाताने करायचं काहीतरी असू द्या.

ते काय असावं? आपल्याच तालुक्याचा पाऊस. पुण्याच्या हवामान खात्याकडे १९०१पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत मिळतो. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तो पावसाचा दिवस, ६४.५च्या वर गेला की मुसळधार. दोन्ही दिवस दशकवार मोजायला सांगा. एक्सेलमध्ये होतं, कॉमर्सवाल्यालाही जमतं.

मग महाबळेश्वर घ्या. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला हजारही नाही. पाव अंशाचा चौकोन साधारण २५ किलोमीटरचा. आसपासच्या पर्जन्यमापकांवरून काढलेल्या त्याच्या सरासरीत हा उतार सपाट होऊन जातो. विद्यार्थी आपणहून विचारतो, "या चौकोनात पर्जन्यमापक किती होते?" हा प्रश्न पडलेल्याला हवामानाची प्रारूपं (मॉडेल्स) आणि त्यांतली अनिश्चितता शिकवणं सोपं जातं. आधी प्रारूपं शिकवली तर तो नुसती पाठ करतो.

परीक्षेत "हरितगृह परिणाम स्पष्ट करा" नको. अनोळखी तालुक्याचे आकडे द्या, पुस्तक उघडं ठेवू द्या. प्रबंध आपल्याच तालुक्यावर असावा, आणि मार्गदर्शकाचा पंधरा दिवसांतून एक फोन वेळापत्रकातच धरा.

संपर्कसत्रं, म्हणजे समोरासमोरचे वर्ग, मात्र जूनमध्ये ठेवू नका. पेरणीच्या दिवसांत कृषी खात्यातली माणसं येऊ शकत नाहीत, आणि या वर्गात सगळ्यांत आधी तीच हवीत.