मार सोसला, शब्द नाही सोसला

‘सैनिकी शाळेत पोराला त्रास होतोय, पण तक्रार केली तर त्याचं पुढचं बिघडेल का?’ गडचिरोली जिल्ह्यातले पालक मला हे दबक्या आवाजात विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दिवाळीच्या सुटीत, ऐन धानकापणीत, धानोऱ्याकडचे एक गोंड शेतकरी नववीतल्या मुलाला घेऊन आले. मुलगा परत जायला तयार नव्हता. ‘‘तिथं सगळ्यायलेच रगडा असते म्हणते, म्याडम. मंग हाच काहून भेते?’’

रगड्याबद्दल, म्हणजे अंग मोडणाऱ्या शिक्षेबद्दल, मुलगा सरळ बोलला. मध्यरात्री अंगावर थंड पाणी, गिट्टीवर कोलांट्या (फ्रंट रोल), सीनियरचे बूट पॉलिश. आवाज हललासुद्धा नाही. मग मी विचारलं, घरी फोन कधी करतोस? तो गप्प झाला. आजीला गोंडीच येते. फोनवर गोंडी बोलताना ऐकल्यापासून सीनियर त्याला मेसमध्ये, ग्राउंडवर, सगळ्यांदेखत ‘नक्षली’ म्हणत होते. दोन महिने तो आजीशी बोललाच नव्हता.

उस्तादाची, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची, कवायत दिवसाउजेडी असते, सगळ्यांना सारखी. रात्री दार लावून एकट्याला गाठणं आणि त्याच्या जमातीवरून बोलणं, याला मी शिस्त म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या बेंजामिन डेव्हिस यांच्याबद्दल मी त्याला सांगितलं. ते कृष्णवर्णीय, म्हणून १९३२ ते १९३६ अशी चार वर्षं सहाध्यायी कामापुरतंच बोलले. जेवण एकट्याने, खोलीत एकटे. पुढे ते अमेरिकी हवाई दलातले पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

‘‘म्हणजे मीबी सोसू?’’

नाही रे. तेव्हा तिथलं सैन्यच वर्णावरून वेगळं ठेवलेलं होतं, दाद मागणार कुणाकडे? तुझ्याकडे महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, तो वसतिगृहालाही लागू होतो. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे द्यायची. टाळलं तर तेही दोषी. आदिवासी म्हणून चारचौघांत अपमान केला, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. आणि एनडीएची, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, निवड यूपीएससीची परीक्षा, एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत) आणि वैद्यकीय तपासणी यांवर होते. शाळेतली तक्रार त्यात कुणी मोजत नाही.

तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे सगळं त्याने वहीत लिहून काढलं. त्यावरून अर्ज केला आणि आम्ही पोच मागितली. संस्थेत सांगण्यात आलं, मारहाणीचं राहू द्या, तो शब्द तेवढा खोडा, प्रकरण वाढेल. तोवर मान खाली घालून बसलेले वडील बोलले, ‘‘मार तो इसरन, साहेब. थो शब्द राहू द्या.’’

चौकशी झाली, दोघं निलंबित झाले. मुलगा परत गेला. काही जण अजून त्याच्याशी बोलत नाहीत, ते त्याला लागतं. त्यावर आमचं काम चालू आहे. आजीचा फोन मात्र तो आता व्हरांड्यातच घेतो.

अशा वेळी मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन कधीही लावता येते.